फळीकाराची टिचकी

चित्रकारांचे वर्गीकरण करताना समीक्षक शैली पाहतात, कलाशिक्षक माध्यम पाहतात आणि चित्रे विकत घेणारे दिवाणखान्यातील सोफ्याचा रंग पाहतात. परंतु पुण्या-मुंबईत आणि तेथून कोकण-गोव्यापर्यंत आढळणारा एक वर्ग असा आहे, की ज्याची ओळख या तिन्ही कसोट्यांनी पटत नाही, कारण तो काय रंगवतो किंवा कशाने रंगवतो यापेक्षा कशावर रंगवतो हाच त्याच्या अस्तित्वाचा गाभा असतो. पाडलेल्या वाड्याचे कवाड, मोडीत काढलेल्या होडीची फळी, रेल्वेने काँक्रीटचे स्लीपर घातल्यावर रुळांखालून निघालेला लाकडी स्लीपर, कुणाच्या तरी आजीचा कडा झिजलेला पाट, अशा ऊनपावसाने आणि वापराने जीर्ण झालेल्या लाकडावरच चित्र काढणाऱ्या या कलावंतास येथे ‘फळीकार’ म्हटले आहे. ही संज्ञा त्याला स्वतःला मान्य होणार नाही, कारण आपण लाकडावर चित्र काढत नसून लाकडाशी बोलतो अशी त्याची धारणा असते. प्रत्येक वाचकाच्या परिचयात असा एक फळीकार असतोच. ज्यांच्या परिचयात तो नाही, त्यांच्या घरी जुने लाकूड आहे ही बातमी अद्याप त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

फळीकार ओळखण्याची खूण म्हणजे टिचकी. अंगठ्याआड दाबून धरलेले बोट झटक्याने सोडले असता जो आघात होतो त्यास टिचकी म्हणतात, आणि कुंभाराकडे मडके घेताना गिऱ्हाईक ती पूर्वापार मारत आले आहे; पक्के भाजलेले मडके खणखणते, तडा गेलेले भद्द वाजते, आणि मडके घ्यावे की ठेवावे याचा निकाल तेथल्या तेथे लागतो. फळीकाराची टिचकी याहून गहन असते. तो फळीपुढे किंचित झुकतो, डोळे मिटतो, टिचकी मारतो आणि नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखी मान कलती करून इतका वेळ स्तब्ध राहतो, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला आता आपणच काहीतरी बोलले पाहिजे असे वाटू लागते. मग तो डोळे उघडतो आणि एक आकडा उच्चारतो. “दीडशे.” पुण्यात बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातील एका विक्रेत्याने हा आकडा रुपयांचा समजून फळी कागदात गुंडाळून दिली होती, आणि फळीकाराने वर्षे सांगितली असून किंमत अद्याप सांगायचीच आहे हे लक्षात आल्यावर त्याने ती परत काढून घेतली होती; या दोन क्रियांच्या मधल्या वेळात जो संवाद झाला तो प्रस्तुत लेखनाच्या भाषेत बसणारा नाही.

लाकडाचे वय ठरवण्याची एक शास्त्रीय पद्धत अस्तित्वात आहे. सागासारख्या झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते, पावसाच्या वर्षी ते रुंद आणि अवर्षणाच्या वर्षी अरुंद असते, आणि अशा वलयांचा क्रम आधीच माहीत असलेल्या क्रमाशी जुळवून कालनिर्णय करता येतो. मात्र त्यासाठी लाकडाचा आडवा छेद लागतो, सूक्ष्मदर्शक लागतो आणि मुख्य म्हणजे संयम लागतो, शिवाय हाती येणारे उत्तर झाड केव्हा वाढले याचे असते, त्याचे दार केव्हा झाले याचे नसते. फळीकाराच्या पद्धतीला यांतील काहीही लागत नाही. टिचकीने केलेल्या कालनिर्णयाचे वैशिष्ट्य असे, की त्यातून निघालेले वय स्थिर राहत नाही आणि ते वर्षाला एक या सामान्य गतीनेही वाढत नाही. वखारीत घासाघीस चालू असताना जी फळी साठ वर्षांची आणि तीही वाळवीने खाल्लेली असते, ती टेम्पोत चढताच शंभरी गाठते, मित्रांना दाखवताना दीडशेची होते आणि प्रदर्शनाच्या उद्घाटनापर्यंत थेट पेशवाईत जाऊन पोहोचते. पेशवाईच्या मागे ती सहसा जात नाही. शिवकाळाविषयी महाराष्ट्रात प्रश्न विचारणारे फार असतात, हे फळीकारास अनुभवाने ठाऊक असते.

पेशवाईत पोहोचलेली फळी शनिवारवाड्याच्या आसपास घुटमळू लागते. १७३२ साली बांधून झालेला हा वाडा फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत भस्मसात झाला आणि त्याचे लाकूडकाम जवळजवळ सर्वच्या सर्व नष्ट झाले, ही माहिती फळीकाराला असते. किंबहुना ती त्याच्या उपयोगाचीच असते. फळीवर करपल्याची खूण असली तर ती त्या आगीतून वाचलेली ठरते, आणि खूण नसली तर ती आगीपूर्वीच कुणीतरी दूरदृष्टीने बाहेर काढलेली ठरते. जिला शनिवारवाडा कोणत्याच मार्गाने लागू पडत नाही, अशा फळीसाठी पानशेत राखून ठेवलेले असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेच्या काठच्या पेठांत जे पाणी शिरले, त्याच्या खुणा कित्येक घरांवर पुढे वर्षानुवर्षे दिसत राहिल्या हे खरे आहे. परंतु फळीकाराच्या संग्रहातील पानशेतच्या रेषा एकत्र मोजल्या, तर त्या पुराचे पाणी पर्वतीच्या पायऱ्या चढून देवदर्शन घेऊन आले असावे असे मानावे लागेल.

आपल्या कलेची वंशावळ फळीकार इजिप्तपासून सांगतो. तेथील फायूम परिसरात इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मृतांच्या ममीवर बसवण्यासाठी पातळ फळ्यांवर, बहुधा मेणात कालवलेल्या रंगांनी, व्यक्तिचित्रे काढत असत; लिओनार्दोची मोनालिसा कॅनव्हासवर नसून ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद अशा पॉपलरच्या फळीवर आहे; आणि व्यंकोजीराजांच्या वंशाने १८५५ पर्यंत ज्या तंजावरवर राज्य केले, तेथे याच मराठी राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या, आश्रयाने बहरलेल्या चित्रशैलीला तमिळमध्ये ‘पलगै पडम’ म्हणजे फळीवरचे चित्र असेच म्हणतात. यांतील शेवटचा दुवा फळीकार विशेष अभिमानाने सांगतो, जणू सरफोजीराजांनी फळ्या त्याच्या आजोबांकडून मागवल्या होत्या. तपशील सगळे बरोबर असतात, निष्कर्ष तेवढा उलटा असतो. तंजावरचे चित्रकार फणसाच्या फळीवर कापड चिकटवून त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचे लेप देत, ते घोटून आरशासारखे करत आणि मग सोन्याच्या वर्खाचे काम करत. युरोपातले जुने चित्रकारही फळीवर खडू किंवा जिप्सम आणि सरस यांचे थर चढवूनच रंगाला हात घालत. थोडक्यात, जुन्या परंपरेत लाकूड चांगले निवडायचे आणि मग ते पूर्ण झाकायचे असा रिवाज होता. फळीकार लाकूड खराब निवडतो आणि ते झाकले जाऊ नये म्हणून चित्र आवरते घेतो. हा फरक कुणी दाखवून दिलाच, तर तो हातातल्या फळीला टिचकी मारतो आणि उत्तर तिच्यावर सोपवतो.

लाकूड जीर्ण होते म्हणजे नेमके काय होते, हे येथे सांगणे अवश्य आहे. लाकडाचे तंतू सेल्युलोजचे असतात आणि त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या द्रव्यास लिग्निन म्हणतात. उन्हातील अतिनील किरणांनी पृष्ठभागाजवळचे लिग्निन विघटित होते, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे राखाडी, रुपेरी, किंचित लवदार असा तंतूंचा थर उरतो. लाकडाच्या मऊ भागाची झीज आधी होते, कठीण भाग उंचवट्यासारखा राहतो आणि फळीवर नांगरलेल्या शेतासारख्या ओळी उमटतात. हा थर अत्यंत पातळ असून त्याखालचे सागवान, अंगच्या तेलामुळे आणि वाळवीला न मानवणाऱ्या द्रव्यांमुळे, पुष्कळदा ठणठणीत असते. या राखाडी थरावर फळीकाराचा संसार उभा असतो. तो तयार व्हायला कित्येक पावसाळे लागतात. ज्या फळीकारांना तेवढा धीर नसतो ते लोखंडाचा कीस शिरक्यात, म्हणजे व्हिनेगारमध्ये, भिजत घालून त्याचे पाणी नव्या लाकडाला फासतात, तारेच्या ब्रशाने ते खरवडतात, वर चहाचा हात देतात आणि पंधरा पावसाळे एका दुपारी उरकतात. खरा फळीकार अशांचा तिरस्कार करतो. हा तिरस्कार प्रामाणिक असतो, आणि शिरक्याचा वास त्याच्याही गच्चीवर क्वचितच येतो.

या राखाडी थराचा एकमेव शत्रू म्हणजे सुतार. सुताराचा संपूर्ण व्यवसाय खडबडीत गोष्ट गुळगुळीत करण्याचा असल्यामुळे फळीकाराची भाषा आणि त्याची भाषा कोठेच मिळत नाही. एका फळीकाराने होडीची एक दुर्मीळ फळी, तिच्यावरील निळ्या रंगाचे पोपडे आणि कालवांच्या कवचांसकट, केवळ खालून चार इंच कापण्यासाठी एका वृद्ध मिस्त्रीकडे दिली होती. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ती रंधा मारून, पॉलिश पेपर फिरवून, भेगांत भुसा आणि फेविकॉल भरून आणि वर टचवूडचा एक हात देऊन परत केली, कापायचे पैसे घेतले आणि बाकीच्या कामाचे घेण्यास नकार देत सांगितले, “राहू द्या साहेब, तुम्ही कलाकार माणूस. फारच घाण झाली होती.” फळीकाराने त्या फळीला टिचकी मारली. तो म्हणतो, ती काही बोलली नाही. मिस्त्रीने नंतर स्वतःही एक टिचकी मारून लाकूड आंब्याचे असल्याचे व बऱ्यापैकी नवे असल्याचे सांगितले, परंतु हा भाग फळीकार प्रदर्शनात सांगत नाही. तो मिस्त्री सांगतो.

चित्राविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल, कारण फळीकारही त्यावर फार वेळ घालवत नाही. लाकडात फांदीच्या बुंध्याची जी वर्तुळाकार खूण राहते तिला गाठ म्हणतात, आणि फळीकाराला गाठीत डोळा दिसतो. एक गाठ असली की मासा, दोन असल्या की घुबड, वेड्यावाकड्या चार असल्या की ‘स्त्रीच्या नजरा’ ही मालिका. गाठच नसलेल्या फळीवर तो बंद दार रंगवतो, आणि फळी मुळात दाराचीच असेल तर त्या दारावर दार रंगवताना त्याला कोणताही संकोच वाटत नाही. बाकीची जागा मोकळी सोडली जाते, कारण तेथे लाकूड बोलत असते. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळांना आणि खेळण्यांना इतके हुबेहूब रंग देणारे कारागीर होऊन गेले, की लाकडाचा मागमूसही दिसू नये. या लोकांविषयी फळीकाराच्या मनात आदर आहे, मात्र त्यांनी लाकडाला बोलू दिले नाही असे त्याचे मत आहे.

लाकूड बोलते हे एकदा मान्य केले, की टिचकीला धरबंध राहत नाही. लग्नासाठी मुलगी पाहायला निघालेल्या भाच्याबरोबर गेलेला फळीकार मुलीच्या वडिलांशी बोलता बोलता त्यांच्या देवघराच्या चौकटीला टिचकी मारून “शंभराच्या आतलं आहे” असे म्हणतो आणि यजमानांस ते आपल्या घराण्याविषयी वाटते. बँकेत तो काउंटरला टिचकी मारतो. देवळात तो घंटा वाजवत नाही, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी वाकतो, आणि भाविकांना तो नमस्कार वाटतो. एका शोकसभेत दोन शब्द बोलण्यासाठी उठला असता त्याने ध्वनिक्षेपक चालू असलेल्या व्यासपीठाला सवयीने टिचकी मारली. तो आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला, आणि दिवंगतांविषयीचे त्याचे पुढील मौन हे अतिशय भावपूर्ण असल्याचे अनेकांनी नंतर बोलून दाखवले. वस्तुतः तो व्यासपीठ प्लायवूडचे आहे या धक्क्यातून सावरत होता. नव्या इमारतींत जी दोन पातळ पत्र्यांसारख्या प्लायच्या मध्ये भराव घातलेली फ्लश दारे बसवतात, त्यांना टिचकी मारल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो पाहून एका गृहस्थाने घाईघाईने विचारले होते, “कर्ज काढून घेतलाय हो फ्लॅट. काही गंभीर आहे का?”

घरी परिस्थिती निराळी असते. फळीकाराच्या बाल्कनीत, जिन्याखाली आणि पाहुण्यांच्या खोलीत फळ्या उभ्या असतात. त्या अजून तयार नाहीत असे तो म्हणतो, म्हणजे कोण तयार नाही हे तो स्पष्ट करत नाही. यांतल्याच एकीतून निघालेल्या भुंग्यांनी पलंगाचा पाय पोखरला होता, तेव्हापासून घरातील सर्व मंडळी लोखंडी खाटांवर झोपतात आणि पाहुणे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसतात, आणि शहरातील जुन्या लाकडाच्या सर्वांत मोठ्या खाजगी साठ्यांपैकी एक असलेल्या त्या घरात वापरण्याजोगी लाकडी वस्तू एकच उरते, ती म्हणजे पोळपाट. हा पोळपाट फळीकाराच्या पत्नीला तिच्या सासूकडून मिळालेला असून मधोमध झिजून किंचित खोलगट झाला आहे. त्या खोलगटपणावर फळीकाराची दृष्टी फार दिवसांपासून आहे. पत्नी पोळ्या झाल्यावर तो पिठाच्या डब्यामागे ठेवते, आणि स्वयंपाकघरातून रात्री कधी टिचकीचा आवाज आलाच, तर झोपेतूनही स्पष्टपणे म्हणते, “ठेवा तो. उद्या डबे करायचेत.”

प्रदर्शनाच्या वेळी मात्र हीच पत्नी वह्या सांभाळते, चहा सांगते आणि कोणती फळी कोणत्या शतकातील आहे हे न चुकता लक्षात ठेवते. जुने सागवान वखारीत घनफुटाने मिळते आणि कलादालनात चौरस इंचाने विकले जाते. फळीकाराच्या अर्थशास्त्राचे सार या एकाच मापबदलात आहे, आणि यात फसवणूक आहे असे म्हणणाऱ्याने एकदा दहा घनफूट सागवान दुसऱ्या मजल्यावर चढवून पाहावे. खरेदी करणारे बहुधा तेच लोक असतात ज्यांचे स्वतःचे वाडे गेल्या काही वर्षांत पुनर्विकासाला गेलेले आहेत. वाड्याच्या जागी इमारत, इमारतीत फ्लॅट, फ्लॅटमध्ये एक रिकामी भिंत, आणि त्या भिंतीवर पाडलेल्या वाड्याचा दीड फूट, असा हा प्रवास असतो. मूळ लाकूड त्यांनी वजनाच्या भावाने देऊन टाकलेले असते. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, आणि वाढीच्या वलयांच्या रेषेत ते त्रिज्येच्या रेषेपेक्षा साधारण दुप्पट आकसते, म्हणून वातानुकूलित खोलीत टांगलेली फळी काही महिन्यांत पन्हळीसारखी वाकते. गिऱ्हाइकाचा घाबरा फोन आल्यावर “ती श्वास घेतेय” असे फळीकार शांतपणे सांगतो. तिला तडा गेला तर ती मोकळी झाली असे सांगतो. एकाच्या घरी ती खिळ्यासकट खाली पडली तेव्हा तिचे काय झाले असे सांगावे, हे त्याला दोन दिवस सुचले नव्हते.

इतके सारे सांगून झाल्यावर एक गोष्ट, फारशी इच्छा नसली तरी, नोंदवणे प्राप्त आहे. वाडा पाडायला काढला की कोरीव खांबांना आणि महिरपींना गिऱ्हाईक मिळते. दिनकर केळकरांनी पुण्यात उभ्या केलेल्या संग्रहालयात अशी देखणी दारे पाहायला मिळतात, आणि केळकरांनी त्यांवर काही रंगवले नाही याबद्दलही त्यांचे ऋण मानले पाहिजे. परंतु साध्या दाराला, तक्तपोशीच्या फळीला, न्हाणीघराच्या कुजक्या कवाडाला कोणत्याही संग्रहालयात जागा नसते. त्यांना जागा असते ती भट्टीत, कारण भंगारातले लाकूड जाळणाऱ्या बेकऱ्या काही थोड्या नाहीत, आणि एखाद्या वाड्याचे माजघर त्याच वाड्याच्या जुन्या भाडेकरूंनी पावाच्या रूपाने चहात बुडवून खाल्ले असण्याचा संभव अगदीच नाकारता येत नाही. त्या भट्टीच्या आणि त्या कवाडाच्या मध्ये, पावसात, छत्री फळीवर धरून, टेम्पोवाल्याशी भांडत जो एकटा माणूस उभा असतो, तो हाच असतो. त्याला दुसरे कोणी सापडत नाही म्हणून तो टिचक्या मारत सुटतो, असे एक मत आहे.

अशाच एका प्रदर्शनात ‘कोर’ नावाचे चित्र मांडलेले होते. वाड्याच्या दाराच्या दोन कवाडांपैकी ते एक होते, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूस वर लटकणारी लोखंडी कडी वर्षानुवर्षे हलून हलून लाकडात अर्धवर्तुळाकार चरा पडला होता. फळीकाराने त्या चऱ्यालाच चंद्रकोर केले होते, भोवती थोडे गर्द निळे आकाश दिले होते आणि बाकीचे लाकूड नेहमीप्रमाणे बोलते सोडले होते. खालच्या भागात एक आडवी, काळसर, सरळ रेघ होती, आणि ती पानशेतच्या पाण्याची असल्याचे चित्राखालच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. दुपारच्या सुमारास नातवाबरोबर आलेली एक वृद्ध बाई या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. फळीकार तिच्याजवळ गेला, नियमाप्रमाणे टिचकी मारली, डोळे मिटले आणि म्हणाला, “पावणेदोनशे.”

“नाही हो,” बाई म्हणाल्या, “मी लग्न होऊन आले त्याच वर्षी मामंजींनी नवं करून घेतलं होतं. जुनं उंदरांनी कुरतडलं होतं ना.”

फळीकाराने डोळे उघडले. त्याने रेघेकडे बोट दाखवून पानशेतविषयी काही सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी त्याला अतिशय सौम्यपणे थांबवले. आम्ही माडीवर राहत होतो, पाणी तिथपर्यंत आलेच नाही, असे त्या म्हणाल्या. ही रेघ खाटेची. बाहेरच्या सोप्यात सासूबाईंची खाट असे, दार उघडे टाकले की तिची कड नेमकी इथे लागे, आणि सासूबाई अकरा वर्षे त्या खाटेवर होत्या. मग त्यांनी विचारले, “जरा उलटं करून दाखवता? आतली बाजू?”

आतल्या बाजूस फळीकाराने कधी नीट पाहिलेच नव्हते, कारण तिला ऊन लागलेले नव्हते, पाऊस लागलेला नव्हता, आणि म्हणून तिच्यावर तो राखाडी थरही नव्हता. ती त्याच्या लेखी पाठ होती. कवाड उतरवून उलटे करण्यात आले. वर एक मोडका खिळा होता, आणि त्याच्याखाली पेन्सिलीच्या उभ्या रेघा, ओळींवर ओळी, चार उभ्या आणि पाचवी आडवी, अशा जवळजवळ गुडघ्यापर्यंत उतरत गेल्या होत्या. रतिबाच्या दुधाचा तो हिशेब होता. बाईंनी चष्मा लावून बोट फिरवायला सुरुवात केली. या दोन रेघा एकत्र असतील तिथे पाहुणे होते. इथे अर्धीच आहे, म्हणजे दूध नासले, त्याचे पैसे दिले नव्हते. इथे नऊ दिवस काहीच नाही. नातवाने विचारले, का नाही? बाईंनी त्या मोकळ्या जागेवर बोट थोडा वेळ ठेवले आणि “नव्हतं घेतलं” एवढेच म्हणून त्या पुढच्या ओळीवर गेल्या.

फळीकार या सर्व काळात गप्प होता, आणि त्याने लाकडाला हात लावला नाही. चित्रावर किंमत लावलेली होती. नातवाने ती वाचली, आजीकडे पाहिले आणि पाकिटाकडे हात नेला, तोच हे चित्र विक्रीसाठी नसल्याचे फळीकाराच्या पत्नीने सांगितले व वहीत त्याप्रमाणे नोंद केली. त्या दोघांत याविषयी कोणतेही बोलणे झाले नव्हते.

ते कवाड आता उपनगरातील एका सातव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात भिंतीला लावलेले आहे. फळीकार स्वतः रिक्षातून ते घेऊन गेला, स्वतःचा ड्रिल घेऊन गेला, आणि बाईंना आतली बाजू समोर हवी असल्यामुळे भिंतीकडच्या बाजूवर, नेमके चंद्रकोरीत, त्याने स्वतःच दोन पट्ट्यांसाठी चार भोके पाडली, कारण तेथेच लाकूड सर्वांत जाड आणि पक्के होते. लावून झाल्यावर तो मागे सरकून रेघांकडे पाहत उभा राहिला. तेवढ्यात बाईंनी ओट्यावरचे कालनिर्णय उचलले आणि कवाडावरच्या त्या मोडक्या खिळ्याला अडकवून दिले, त्यासरशी वरच्या पाच-सहा ओळी झाकल्या गेल्या. फळीकाराने तोंड उघडले, मिटले, आणि ते सरळ बसले आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याने मान किंचित कलती केली.

“डावीकडे थोडं वर घ्या, आजी,” तो म्हणाला.